कल्हई आणि काठावरची नावं
आज दारावर भांड्यांना आतून कथलाचा मुलामा देणारा कल्हईवाला आला, माळ्यावरची पितळी भांडी उतरवली. सगळी मदार तापावर असते. भांडं राख-वाळूने घासून, तेलकटपणा काढून तापवायचं, नवसागराची (अमोनियम क्लोराईडची) पूड टाकायची. पांढरा धूर निघतो, धातू स्वच्छ होतो. लगेच कथील टेकवून कापसाच्या बोळ्याने पसरायचं. ताप कमी पडला तर कथील गोळा होतं, जास्त झाला तर पिवळं पडतं. कथलाची कांडी वाकवून बघाच, शुद्ध कथील कुरकुरतं. शिशाची भेसळ अजिबात नको, ते अन्नात उतरतं.

कल्हई आतून होते, म्हणून बाहेर काठावर ठोकून घातलेली नावं शाबूत राहतात: कुणी, कुणाला, कोणत्या लग्नात दिलं, कधी तारीखही. वंशावळीत न सापडणारी माहेरची नावं इथे हमखास भेटतात! अक्षरं झिजली असतील तर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासा, नाव उमटतं.