आजीचं राष्ट्रीयत्व: जर्मन

सासरी एक गोष्ट दर ख्रिसमसला जेवणानंतर सांगितली जाते. नवऱ्याचे आजोबा, म्हणजे सासूबाईंचे वडील, जर्मन सैनिक. १९४४ ला फ्रान्सच्या नॉर्मंडीत पकडले गेले, युद्धकैदी म्हणून इंग्लंडमध्ये यॉर्कशरला आले, शेतावर कामाला लावले, शेतकऱ्याच्या पुतणीशी नजरानजर झाली आणि गडी इथलाच झाला. संपली गोष्ट. मी सून म्हणून बारा वर्षं ऐकतेय आणि दर वेळी वाटायचं, इतकं सोपं कसं असेल? माणूस देश बदलतो म्हणजे कागदांचा ढीग लागतो, हे मला माझ्या व्हिसाच्या फाइलवरून चांगलंच माहितीये.

मागच्या वर्षी सासूबाई लहान घरात राहायला गेल्या तेव्हा माळ्यावरून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा निघाला. वरच दोन पत्रं, कैद्यांना देतात तसल्या छापील फॉर्मवर, १९४५ ची, आणि छावणी चक्क अमेरिकेतली! म्हणजे नॉर्मंडीतून थेट यॉर्कशर वगैरे काही नाहीच. मग वाचत बसले तर कळलं की १९४६ मध्ये लाखाहून जास्त जर्मन कैदी अमेरिकेतून जहाजाने ब्रिटनला आणले होते, इथं शेतीला आणि बांधकामाला माणसं हवी होती म्हणून, आणि त्यातल्या कितीतरी जणांची समजूत होती की आपण घरी चाललोय. बोटीतून उतरून बघतात तर लिव्हरपूल.

पत्रांतलं अक्षर जुन्या जर्मन वळणाचं, जर्मन येणाऱ्या मैत्रिणीलाही लागेना, आपल्याकडे जुन्या दस्तासाठी मोडी वाचणारा शोधावा लागतो तसा इथं एक निवृत्त शिक्षक शोधला. पत्ता ब्रेस्लाउचा होता. ते शहर १९४५ मध्ये पोलंडकडे गेलं, व्रोत्स्वाफ झालं, तिथल्या जर्मनांना बाहेर काढलं. प्रेमासाठी राहिले हे खरंच असेल, पण परत जायला घर कुठे होतं? हे त्या गोष्टीत कधीच येत नाही.

कोणाला असा शोध घ्यायचा असेल तर एक सांगते, मी लंडनला जाऊन शोधण्यात दोन महिने घालवले ते वायाच, कारण जर्मन कैद्यांच्या एकेकट्याच्या नोंदी ब्रिटनने स्वतःकडे फारशा ठेवल्याच नाहीत, जर्मनीला देऊन टाकल्या. बर्लिनला संघीय अभिलेखागारात अर्ज करायचा आणि धीर धरायचा. जिनिव्हाच्या रेडक्रॉसकडेही नोंदी आहेत.

पण खरी गंमत लग्नाच्या दाखल्यापासून सुरू होते. डिसेंबर १९४६ पर्यंत कैद्याने इथल्या कुणाच्या घरी जेवायला जाणंसुद्धा बंद होतं. वेर्नर फेट्टर नावाच्या कैद्याला एका इंग्लिश मुलीशी प्रेम केलं म्हणून कोर्ट मार्शलमध्ये बारा महिन्यांची शिक्षा झाली, त्यावर बराच गदारोळ झाला आणि शेवटी जुलै १९४७ मध्ये लग्नाची परवानगी मिळाली. अशी एकूण ७९६ लग्नं झाली म्हणतात. आमच्या आजी-आजोबांचं त्यातलंच एक, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरचं. लग्न लागल्यावर नवरदेव रात्री दहाच्या आत परत छावणीत.

आणि डब्याच्या तळाशी एक करडी पुस्तिका. पोलिसांकडे परदेशी नागरिकांची नोंद व्हायची तिची. मला वाटलं आजोबांची, उघडली तर फोटो आजीचा! जन्म यॉर्कशर, शाळा यॉर्कशर, उभ्या आयुष्यात समुद्र ओलांडलेला नाही, आणि राष्ट्रीयत्वापुढे लिहिलंय जर्मन. तेव्हाच्या कायद्याने बाईने परक्या माणसाशी लग्न केलं आणि त्याच्या देशाने तिला आपलं मानलं की तिचं ब्रिटिश नागरिकत्व गेलं. पुरुषाने परदेशी बायको केली तर त्याचं काहीच जात नव्हतं हो. म्हणजे कैदी आजोबा, आणि स्वतःच्याच गावात पोलीस चौकीत जाऊन नाव नोंदवायचं आजीने. १ जानेवारी १९४९ ला नवा कायदा लागू झाला आणि अशा बायकांना त्यांचं नागरिकत्व परत मिळालं. सासूबाई जन्मल्या त्याच वर्षीच्या मार्चमध्ये.

सगळं घर इतकी वर्षं आजोबांच्या मागे, त्यांची छावणी, त्यांची बोट, त्यांची रेजिमेंट (मीसुद्धा त्यातच होते). आजीचं कुणी काही विचारलंच नाही.

सासूबाई पुस्तिका बराच वेळ उलटसुलट करून बघत होत्या. आईने हे मला कधी सांगितलं नाही, म्हणाल्या. मला एकदम आठवलं, माझा पहिला व्हिसाचा फॉर्म भरायचा होता तेव्हा आजी सत्याऐंशीच्या होत्या, रात्री अकरापर्यंत माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसलेल्या, प्रत्येक कागदाच्या दोन कॉप्या काढ आणि एक घरात ठेव, पुन्हा पुन्हा तेच. मला वाटलं होतं म्हातारपणाचा हट्ट आहे.