फुकटातले दोनशे नंदी

आमच्या वर्धा जिल्ह्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. पोरं चाकांचे लाकडी नंदी ओढत घरोघर जातात, बोजारा (खाऊ, पैसे) घेतात. 2022 च्या पोळ्याला मी अशा नंदींची दोनशे चित्रं काढली आणि एनएफटी म्हणून, म्हणजे मालकीची नोंद ब्लॉकचेन नावाच्या ऑनलाइन सामायिक नोंदवहीत राहते अशी डिजिटल चित्रं म्हणून, फुकट सोडली. मे महिन्यात 'गॉब्लिनटाऊन' नावाचा असाच चित्रसंच फुकट निघून गाजला होता. 2017 मध्ये क्रिप्टोपंक्स ही चित्रंसुद्धा फुकटच मिळत होती, फक्त गॅस (व्यवहार नोंदवायची फी) भरावा लागायचा. माझ्या डोक्यात हेच.

इथेरियम या ब्लॉकचेनचा गॅस खिशाला झेपणारा नव्हता, म्हणून स्वस्तातलं पॉलिगॉन. एका वॉलेटला (क्रिप्टोच्या खात्याला) एकच नंदी, असा नियम टाकला. गच्चीवर रेंज धरून लिंक सोडली आणि चाळीस मिनिटांत सगळे संपले! टेलिग्राम ग्रुप तीसवरून नऊशेवर गेला. आईला वाटलं, नोकरी लागली.

सकाळी पॉलिगॉनस्कॅन उघडलं, तिथे पॉलिगॉनवरचे सगळे व्यवहार दिसतात. एकशे तीसच्या वर वॉलेटं एकाच पत्त्यावरून गॅसचे पैसे घेऊन आली होती. म्हणजे माणूस एक, हात एकशे तीस. दुपारपर्यंत ते नंदी ओपनसी या एनएफटीच्या ऑनलाइन बाजारात विकायला लागले. ग्रुपमध्ये 'फ्लोअर (सर्वात कमी भाव) किती', 'पुढचा ड्रॉप (नवा संच) कधी' एवढंच. नंदी म्हणजे काय, हे कोणी विचारेना. सरकारने एप्रिलपासून असल्या क्रिप्टो-एनएफटीच्या नफ्यावर 30 टक्के कर लावला होता. इथे नफाच कोणाला झाला नाही. आठवड्यात ग्रुप सामसूम.

उरले अकरा जण. त्यातल्या एकाने नंदी विकायला काढला होता, गिऱ्हाईक मिळालं नाही. पंधरा दिवसांनी त्याचा मेसेज आला, "याला चाकं का असतात?" मी त्याला नागपुरात त्याच दिवशी निघणाऱ्या मारबत-बडग्याच्या पुतळ्यांपर्यंत सगळं सांगत बसलो. आज ग्रुप तोच सांभाळतो. आला होता लुटायलाच.

पुढच्या वर्षी पद्धत बदलली. आपल्या घरच्या नंदीचा फोटो पाठवा, मग चित्र घ्या. सत्तेचाळीस फोटो आले. कोणाचा रंग उडालेला, कोणाचं शिंग तुटलेलं, एकाने तर आजोबांनी सुताराकडून करून घेतलेला पाठवला. बघताना फार बरं वाटलं. मग तीन फोटोंत एकच नंदी दिसला, कोन तेवढा वेगळा. ओळखीचा होता. मामाच्या घरचा.

मामेभावाला फोन लावला. तो हसला, "काहून रे, लहानपणी आपन एकाच घरी दोनदा बोजाऱ्याले गेलो नाही का?"

तिन्ही चित्रं त्याला देऊन टाकली.