चौदा पूर्ण

"चौदा पूर्ण झाली, काका."

मी वय विचारलंच नव्हतं. फक्त नाव विचारलं होतं.

सकाळी कुर्ला स्टेशनबाहेर कटिंग घेत होतो. ग्लास पुढे करणारी बोटं पाण्यात राहून पांढरी पडलेली, टोकांना सुरकुतलेली. डोकं जेमतेम टपरीच्या फळीला लागेल एवढी उंची. फार तर दहा-अकराचा असेल.

हे उत्तर त्याच्याकडून कुणीतरी घोटून घेतलंय. बालकामगार कायद्यातल्या २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणं दखलपात्र गुन्हा आहे. ५० हजारांपर्यंत दंड, दोन वर्षांपर्यंत कैद. शाळा सुटल्यावर घरच्या धंद्यात हातभार लावायला तेवढी मुभा आहे. म्हणून अशा ठिकाणी "भाचा आहे माझा" हेही तयारच असतं. मला त्याचा फार राग येतो.

बाजूला येऊन १०९८ लावला. मुलांसाठीची ही हेल्पलाइन १९९६ साली आपल्या मुंबईतच सुरू झाली. ठिकाण, वेळ, सगळं नीट सांगितलं.

संध्याकाळी परतताना मुद्दाम तिथून आलो. ग्लास एक मोठा माणूस विसळत होता. पोरगं सुटलं, की दुसऱ्या टपरीवर गेलं?

नाव त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही.