काळा धूर, निळा धूर

2014 सालची, 1,68,412 किलोमीटर चाललेली डिझेल गाडी घेणार आहे असे मी घरी सांगितले, तेव्हा भावाने एवढेच विचारले, की गाडी घेतेस की गॅरेज दत्तक घेतेस. प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. मात्र माझा हिशेब वेगळा होता. मुलुंडहून ऐरोली पुलावरून महापेला रोजचे जाणे-येणे आणि महिन्यातून दोनदा सिन्नरला आईकडची फेरी, असे माझे महिन्याला साधारण 1,250 किलोमीटर होतात. ऑक्टोबर 2024 पासून मुंबईच्या वेशीवरचा टोल छोट्या गाड्यांना माफ झाला, त्यामुळे ऐरोलीचा रोजचा भुर्दंड संपला होता. उरला होता तो इंधनाचा खर्च. तेव्हा पेट्रोल 103 रुपयांच्या घरात होते, डिझेल 90 च्या, आणि त्यात डिझेल गाडी लिटरमागे चार-पाच किलोमीटर जास्त देते. नवी छोटी डिझेल गाडी मात्र आता जवळजवळ मिळतच नाही, कारण एप्रिल 2020 मध्ये बीएस-6 हे धुराचे कडक नियम आल्यावर अनेक कंपन्यांनी छोटी डिझेल इंजिने बंद करून टाकली.

त्याआधीच्या नियमांची, म्हणजे बीएस-4 गाडीच हवी हे मी आधीच ठरवले होते आणि त्यामागे केवळ किंमत नव्हती. बीएस-6 डिझेलच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी डीपीएफ नावाची जाळी असते. ती साफ व्हायची तर गाडी मधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग धावावी लागते, आणि एलबीएस रोडच्या गर्दीत सकाळ-संध्याकाळ रांगणाऱ्या गाडीला ते सुख आठवड्यातून एकदाही मिळत नाही. बीएस-4 काळातल्या बहुतेक छोट्या डिझेल गाड्यांत ही भानगडच नाही.

गाडी बघायला मी मामांना बरोबर घेतले. मामांनी बेस्टमध्ये बस चालवण्यात उमेदीची वर्षे घालवली आहेत आणि इंजिनकडे ते डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त बघतात. (त्यांना बरोबर नेण्याचे दुसरे कारण असे, की मी प्रश्न विचारला तरी एजंट उत्तर मामांना देतात. एकदा हे मान्य केले की वेळ वाचतो.) घाटकोपरच्या पहिल्याच गाडीचे बॉनेट उघडण्याआधी मामांनी त्यावर नुसता तळहात ठेवला. सकाळचे साडेसात वाजले होते आणि पत्रा कोमट होता. एजंट म्हणाला, "ताई, आत्ताच धुऊन आणली, म्हणून जरा गरम लागत असेल." मामा म्हणाले, "धुतलेली गाडी गार असते." आम्ही परत फिरलो. डिझेलचे खरे दुखणे थंड इंजिन सुरू करतानाच बोलते. आधीच तापवून ठेवलेली गाडी दाखवणे म्हणजे दाताच्या डॉक्टरकडे जाताना दुखऱ्या दातावर लवंग ठेवून जाण्यासारखे आहे.

दुसऱ्या गाडीचे मीटर 72,000 दाखवत होते, पण ब्रेकच्या पॅडलचे रबर आरशासारखे गुळगुळीत झाले होते आणि स्टिअरिंगवरचा खरखरीतपणा केव्हाच पुसला गेला होता. तिसरी दिसायला सर्वांत देखणी होती. तिचा मागचा सीटबेल्ट मी शेवटपर्यंत ओढून काढला, तर पट्ट्याच्या एरवी आत गुंडाळलेल्या भागावर मातकट पाण्याची रेघ होती. मुंबईत जुनी गाडी घेणाऱ्याने बाकी काही नाही तरी एवढे अवश्य करावे. पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीची सीट, कार्पेट, पत्रा, सगळे चकाचक करता येते, पण सीटबेल्ट पूर्ण ओढून धुण्याची आठवण फारशी कुणाला राहत नाही.

मी घेतली ती पाचवी. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे येणारे दोष कंपनीचे नाहीत, ते वयाचे आणि हेळसांडीचे आहेत. इंजिन फियाटच्या मल्टिजेट घराण्यातले, 1248 सीसीचे. मारुती, टाटा आणि खुद्द फियाट यांच्या गाड्यांत हे एकच इंजिन बसलेले असल्यामुळे त्याचे सुटे भाग कुठेही मिळतात आणि ते न उघडलेला मेकॅनिक सापडणे कठीण. मालक मुख्यतः हायवेवर चालवणारे होते. फाइलमध्ये 1,40,000 पर्यंत प्रत्येक ऑइल बदलाची पावती होती आणि त्यानंतर काहीच नव्हते. म्हणजे मला धास्ती 1,68,000 ची नव्हती, ती त्या शेवटच्या 28,000 ची होती.

थंड इंजिनला मामांनी चावी मारायला लावली. पहिली दोन-तीन सेकंद पुढच्या बाजूने साखळी डब्यात हलवावी तसा खुळखुळ आवाज आला आणि थांबला. मामांनी मला दोन बोटे दाखवली: एक आवाज चेनचा, दुसरा नंतर सांगतो. या इंजिनात टायमिंग बेल्ट नसून चेन असते. तिला ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो, म्हणून ऑइलचा दाब येईपर्यंत सैल झालेली चेन वाजते. मग त्यांनी चालू इंजिनवर ऑइल भरायचे झाकण सैल करून उलटे ठेवले. झाकण किंचित थरथरले, पण उडाले नाही. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील, तर जळलेला वायू खाली उतरून तिथून इंजिन धापा टाकते. हे इंजिन श्वास घेत होते, धापा टाकत नव्हते. व्यवहार 2,40,000 रुपयांना ठरला आणि दुरुस्तीसाठी म्हणून आणखी 60,000 मी वेगळे काढून ठेवले.

कागदपत्रांबद्दल फार लिहीत नाही. मालकी बदलायला फॉर्म 29 आणि 30, कर्ज फिटलेले असल्याने बँकेचे पत्र आणि फॉर्म 35, आणि 14 दिवसांच्या आत विमा आपल्या नावावर. विक्रेत्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दलची सवलत, त्याच्याबरोबरच जातो, तो आपल्याला मिळत नाही, ही गोष्ट एजंट सांगत नाहीत. महाराष्ट्रात डिझेल गाडीला दहा वर्षांची वयोमर्यादा नाही. माझ्या गाडीची नोंदणी 2029 पर्यंत आहे, पुढे तपासणी करून आणि पर्यावरण कर भरून ती पाच वर्षांनी वाढवता येते.

ताबा मिळाल्यावर भांडुपच्या मिस्त्रींकडे ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, डिझेल फिल्टर आणि कूलंट असे सगळे एकदम बदलले. बिल 6,400 रुपये झाले. जुने ऑइल ट्रेमध्ये पडताना डांबरासारखे तार धरून पडले. डिझेल फिल्टरच्या तळातून मिस्त्रींनी काचेच्या ग्लासात जे काढले, त्यात खाली दोन बोटे पाणी होते आणि वर डिझेल तरंगत होते. इंजिनात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या केसाएवढ्या भोकांना हे पाणी काय करत असेल, हे त्यांनी वेगळे सांगण्याची गरज नव्हती.

त्यानंतरच्या शनिवारी मी सिन्नरला निघाले आणि कसारा घाटात गाडीने मान टाकली. तिसऱ्या गिअरमध्ये पाय तळाला टेकवूनही वेग वाढेना, आरशात मागचा टेम्पो काळ्या धुरात दिसेनासा झाला आणि बॉनेटखालून कुणीतरी दातांतून हवा सोडावी तशी शिट्टी येत होती. दुसऱ्या गिअरमध्ये रखडत इगतपुरी गाठली. आधी नाशिकमध्येच एका मोठ्या गॅरेजमध्ये दाखवली. तिथे एकाने दहा मिनिटे ऐकून निदान केले, की टर्बो गेला आहे, पूर्ण बदलावा लागेल, 38,000 रुपये, आणि भाग आजच मागवला तर मंगळवारी गाडी मिळेल. मी जवळजवळ हो म्हटले होते. मामांना फोन केला, तर त्यांनी एकच विचारले: "अगं, धूर काळा होता की निळा?"

गाडी तशीच हळूहळू भांडुपला आणली आणि मिस्त्रींनीही तोच प्रश्न विचारला. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. गार इंजिनचा पांढरा धूर बहुधा न जळलेल्या डिझेलचा असतो, आणि इंजिन तापल्यावरही तो थांबत नसेल, तर कूलंटचे पाणी आत जाते आहे का हे पाहावे लागते. काळा धूर म्हणजे डिझेल पुरेसे आहे पण हवा कमी पडते आहे. टर्बोचे काम हवा कोंबण्याचे. पण तो स्वतः खराब झाला असता, तर त्याच्या दांड्यातून ऑइल सुटून बहुधा निळा धूर दिसला असता आणि ऑइल कमी झाले असते. डिपस्टिकवर पातळी जशीच्या तशी होती. तरी त्यांनी टर्बोकडे जाणारा पाइप काढला, बोटांनी दांडा वर-खाली हलवून पाहिला आणि मलाही हात लावायला लावला. पंखा अलगद फिरला, कुठे घासला नाही.

मग त्यांनी टर्बोपासून ती हवा गार करणाऱ्या इंटरकूलरपर्यंत आणि तिथून इंजिनपर्यंत जाणारे रबरी पाइप एकेक करून चाचपायला घेतले. खालच्या पाइपच्या क्लिपजवळ धूळ आणि ऑइल यांचे चिकट काळे लिंपण जमले होते. वरून पाइप धडधाकट दिसत होता. मिस्त्रींनी तो काढून दोन्ही हातांनी वाकवला आणि क्लिपच्या कडेला बोटभर लांबीची चीर जिवणीसारखी उघडली. हात सैल केले, तशी मिटली. गाडी उभी असताना पाइपमध्ये दाब नसतो, म्हणून चीर मिटलेली. घाटात टर्बोने दाब वाढवला की ती उघडणार, हवा बाहेर, शिट्टी, आणि हवा कमी पडलेले डिझेल काळ्या धुराच्या रूपाने मागच्या टेम्पोच्या काचेवर. हे इंजिन 2,000 आरपीएमच्या खाली तसेही आळसावलेले असते. वरचा सगळा जोर टर्बोच्याच हवेचा.

नवा पाइप 1,900 रुपयांना आला. मी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुना शोधायचे सुचवले होते, कारण दाराचे तुटलेले हँडल तिथेच स्वस्तात मिळाले होते. मिस्त्री म्हणाले, "ताई, कुर्ल्यातून काच आणा, दार आणा, आरसा आणा. रबर आणू नका. जुनं रबर म्हणजे दुसऱ्याचं आजारपण." त्याच बैठकीत त्यांनी ईजीआर व्हॉल्व्ह आणि प्रेशर सेन्सर काढले. ईजीआर जळलेला वायू थोडासा पुन्हा इंजिनात फिरवतो. त्यातली काजळी आणि ऑइलची वाफ एकत्र होऊन आतल्या वाटेवर बोटाला लागेल एवढा थर बसला होता. साफसफाईचे 1,600.

गाडी घाट चढू लागली, पण सकाळी पहिला मिनिटभर तीन पायांच्या टेबलासारखी डुगडुगायची. मामांनी चावी मारतानाच ऐकलेला दुसरा आवाज तो हाच होता. यासाठी मिस्त्रींनी केलेली चाचणी मला सर्वांत आवडली. प्रत्येक इंजेक्टर घेतलेल्या डिझेलपैकी थोडे टाकीकडे परत पाठवतो. त्या परतीच्या चार नळ्या त्यांनी औषधाच्या चार रिकाम्या बाटल्यांत सोडल्या आणि इंजिन चालू ठेवले. पाच मिनिटांनी तीन बाटल्यांत बोटभर डिझेल होते आणि तिसऱ्या क्रमांकाची बाटली निम्म्यावर भरली होती. आत झिजलेला इंजेक्टर दाब धरत नाही, डिझेल मागे सोडून देतो. चारही बदलायला सांगणारे लोक मला ओळखीत आहेत. इथे एकच इंजेक्टर फ्युएल पंप दुरुस्त करणाऱ्याकडे तपासणीच्या बेंचवर गेला आणि नव्या तांब्याच्या वॉशरसह 5,200 रुपयांत परत आला.

बाकीचे काम साधे होते. पेव्हर ब्लॉक आणि खड्डे यांनी सस्पेन्शनमधले लोअर आर्मचे बुश आणि लिंक रॉड खाल्ले होते, अलाइनमेंटसह 9,300. क्लच चौथ्या गिअरमध्ये घसरत होता, म्हणजे इंजिनचा आवाज वाढायचा आणि वेग तिथेच राहायचा. गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी एकदाच द्यावी म्हणून प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग तिन्ही एकत्र बदलले, 12,600.

पीयूसीला डिझेल गाडीच्या धुराची घनता मोजतात आणि बीएस-4 साठी 1.62 ही मर्यादा आहे. आधीच्या मालकाच्या शेवटच्या पावतीवर 1.48 होते, माझ्या पावतीवर 0.61 आले. मामांनी तो कागद चष्मा लावून दोनदा वाचला. सगळी बिले मिळवली, तर 37,000 रुपये होतात, म्हणजे नाशिकच्या त्या एका टर्बोपेक्षा हजार रुपये कमी.

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा जून 2025 मध्ये सुरू झाला आणि सिन्नरला आता घाट टाळून जाता येते, तरी जाताना मी अजून जुन्या कसारा घाटानेच जाते. तिसऱ्या गिअरमध्ये, आरशाकडे बघत. चेन मात्र बदललेली नाही. मिस्त्रींचे म्हणणे असे, की ऑइल 10,000 ऐवजी 7,500 ला बदला आणि आवाज किती सेकंद टिकतो ते बघा. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी थंड इंजिन सुरू करताना मी फोनवर आवाज टिपून मामांना पाठवते. या रविवारी त्यांचे उत्तर आले: "दोन सेकंद. गेल्या वेळेइतकेच. चहा घेतलास का?"