कमानीची मागची बाजू

कुणाच्याही लग्नाला गेले की संधी मिळताच स्टेजच्या मागे डोकावायची मला जुनी खोड आहे. समोरून जी फुलांची कमान भरगच्च आणि आपोआप उगवल्यासारखी दिसते, तिच्या पाठीला लोखंडी पाइपांचा सांगाडा असतो, त्यावर तारेने आवळलेली जाळी असते, जाळीत खोचलेले हिरव्या फोमचे ओलसर ठोकळे असतात, आणि पाया हलू नये म्हणून ठेवलेल्या वाळूच्या पिशव्या कापडाच्या झालरीखालून अर्ध्यामुर्ध्या दिसत असतात. फुले सगळी पुढच्या अंगाला. मागे नुसते देठ आणि चिकटपट्टी. यात मला फसवणूक वाटत नाही, उलट कौतुकच वाटते, कारण ज्याने हे काम केले त्याने पाहुण्यांची नजर कुठवर पोहोचणार आणि कुठे पोहोचणार नाही याचा हिशेब आधी केलेला असतो आणि पैसा नेमका नजर पोहोचते तिथे लावलेला असतो. बेतातल्या खर्चात लग्न सजवायचे म्हणजे माझ्या मते मुख्यतः हा हिशेब करायचा.

लग्न ठरलेल्या घरात मात्र तो सर्वांत शेवटी सुचतो. आधी सुरू होते ते चित्रे जमवणे. पिंटरेस्ट आणि इन्स्टाग्राम ही दोन्ही माध्यमे २०१० साली सुरू झाली आणि तेव्हापासून वधू-वरांच्या मोबाइलमध्ये इतरांच्या लग्नांची चित्रे साठू लागली. अर्थात चित्र पाहून आपले लग्न सजवण्याची हौस मोबाइलहून पुष्कळ जुनी आहे. १० फेब्रुवारी १८४० रोजी ब्रिटनच्या राणी व्हिक्टोरियाने पांढरा पोशाख आणि डोक्यावर संत्र्याच्या फुलांचा मुकुट घालून लग्न केले, त्या सोहळ्याची चित्रे छापली जाऊन दूरवर पोहोचली, आणि पांढऱ्या पोशाखाची आवड पसरण्यात त्या चित्रांचा मोठा वाटा होता. फरक एवढाच की तेव्हा नजरेसमोर एका लग्नाची चित्रे असत आणि आज एकाच मुलीच्या संग्रहात जंगलातले लग्न, राजवाड्यातले लग्न आणि समुद्रकाठचे लग्न अशी एकमेकांशी न पटणारी तीन लग्ने गुण्यागोविंदाने नांदत असतात.

या चित्रांबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते, ती म्हणजे त्यांतली बरीचशी कुठल्याच लग्नातली नसतात. सजावटकार, छायाचित्रकार आणि पोशाख तयार करणारे एकत्र येऊन, मॉडेलना वधू-वर म्हणून उभे करून, केवळ छायाचित्रांसाठी एखादे टेबल आणि एखादी कमान सजवतात. त्या टेबलाशी कुणी जेवायला बसणार नसते, त्यामुळे ताट ठेवायला जागा उरली नाही तरी कुणाचे काही अडत नाही. आणि छायाचित्र घेऊन झाले की फुले कोमेजली तरी चालते. त्यातच कॅमेरा जवळून आणि खालून धरला म्हणजे माणसाच्या उंचीची कमानही देवळाच्या शिखरासारखी भव्य दिसते. चित्राला काळ नसतो, गर्दी नसते, आणि चित्रातला पाहुणा कधी खुर्ची सरकवत नाही. आपल्या लग्नात या तिन्ही गोष्टी असणार आहेत.

म्हणून चित्रे जमवू नयेत असे मी म्हणणार नाही. ती वाचायला मात्र शिकावे. माझ्या भाचीने तिच्या लग्नाच्या वेळी जमवलेली सगळी चित्रे आम्ही एका संध्याकाळी जमिनीवर मांडून पाहिली. तिचा आग्रह होता तो भरपूर फुलांचा. पण चित्रे ओळीने मांडल्यावर असे दिसले की त्यांतल्या बहुतेकांत फुले बेताचीच होती. पुन्हा पुन्हा येत होता तो संध्याकाळचा पिवळसर उजेड, एका रांगेत लांबवर गेलेली टेबले आणि त्यामागची कोरी, साधी भिंत. तिला आवडलेली गोष्ट फुले नव्हतीच. हे एकदा उमगल्यावर फुलांच्या खर्चाचा आकडा कुणीही वाद न घालता खाली आला. आवडलेल्या चित्रात नेमके काय आवडले, रंग, उजेड, मोकळी जागा की माणसांची दाटी, याचे उत्तर शोधायला एक कोरा कागद आणि थोडी स्वस्थता पुरते, आणि ते मिळाल्याखेरीज डेकोरेटरला फोन करू नये, असे माझे ठाम मत झाले आहे.

त्यानंतर पाहायचे ते सभागृह, आणि तेही ज्या वेळेला समारंभ आहे त्या वेळेला. गालिचा, भिंतींचा रंग, खुर्च्यांचे कापड या गोष्टी आपल्याला बदलता येत नाहीत, किंवा बदलायच्या म्हटल्या तर ठरवलेल्या रकमेचा निम्मा भाग त्या झाकण्यातच खर्ची पडतो. पॅरिसच्या गोब्लाँ विणकाम कारखान्यात रंगविभागाचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्ह्रल यांच्याकडे विणकरांची तक्रार आली होती की काळा धागा पुरेसा काळा दिसत नाही. तपासाअंती त्यांच्या ध्यानात आले की दोष रंगाचा नसून शेजाऱ्याचा आहे. शेजारी कोणता रंग आहे त्यावर डोळ्यांना दिसणारा रंग बदलतो. १८३९ साली त्यांनी हा नियम सविस्तर मांडला. लाल गालिच्याशेजारी फिका राखाडी कपडा किंचित हिरवट भासतो तो याच कारणाने, आणि दुकानात दृष्ट लागण्याजोगे दिसलेले कापड सभागृहात अंथरल्यावर उगाच मळकट का वाटते याचेही उत्तर बहुधा तिथेच असते. सभागृहाच्या रंगाशी भांडण्यापेक्षा त्यालाच आपल्या रंगांच्या कुटुंबात सामावून घ्यावे; ते स्वस्तही पडते. कापडाचा हातभर तुकडा घेऊन सभागृहात जावे आणि गालिच्यावर टाकून पाहावे, एवढी तसदी मात्र घ्यायलाच हवी.

खर्चाच्या मानाने सर्वांत जास्त काम करणारी गोष्ट कोणती असे मला विचारले तर मी क्षणाचाही विलंब न लावता उजेड असे सांगेन. सभागृहातले वरचे पांढरे दिवे बंद करता येतात का, हा जागा ठरवतानाचा माझ्या दृष्टीने पहिला प्रश्न आहे, आणि तो फार थोडे लोक विचारतात. उजेडाचा रंग केल्विन या मापात सांगतात, आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा; हे पांढरे दिवे साधारण ५००० ते ६५०० केल्विनचे असतात, सजावटीचे पिवळसर दिवे २७०० ते ३००० केल्विनचे, आणि मेणबत्तीची ज्योत त्याहूनही खाली, १९०० केल्विनच्या आसपास. हे सगळे एकत्र पेटवले की चेहऱ्याची एक बाजू निळसर आणि दुसरी पिवळी दिसते, आणि छायाचित्रकार कितीही निष्णात असला तरी हे दोन उजेड वेगळे करताना त्याच्या नाकी नऊ येतात. दिवे भाड्याने घेताना त्यांचा रंगदर्शकांक (सीआरआय), म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचे शंभरापैकी माप, ९० च्या वर असल्याची खात्री करून घ्यावी; तो कमी असेल तर त्वचा आणि फुले दोन्ही निस्तेज दिसतात. दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई उरतो, तेव्हा उंच छताला लटकवलेल्या दोन झगझगीत दिव्यांपेक्षा भिंतीच्या पायथ्याशी ठेवून वर रोखलेले चार-सहा छोटे दिवे अधिक परिणाम साधतात. ओकीबोकी भिंत अशा दिव्यांनी खालून उजळली की ती फुलांनी मढवावी असे कुणाच्या मनातही येत नाही.

उजेडाचा आणखी एक खेळ संध्याकाळच्या लग्नांत हमखास दिसतो. गर्द लाल गुलाबांची सजावट दुपारी पाहताना डोळे निवतात, आणि रात्री मंद उजेडात तीच फुले काळपट ढिगासारखी दिसू लागतात. उजेड कमी होतो तसे डोळ्यांतले रंग ओळखणारे पेशीगट मागे पडतात आणि अंधारात पाहणाऱ्या, निळ्या-हिरव्या छटांना अधिक संवेदनशील असलेल्या पेशी काम हाती घेतात, त्यामुळे लाल रंग आधी विझतो आणि पाने व निळसर फुले तुलनेने उजळ राहतात. यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा बदल नोंदवला. कार्यक्रम मावळतीनंतरचा असेल तर पांढरी, फिकट पिवळी आणि फिकट गुलाबी फुले घ्यावीत. लाल हवीच असतील तर त्यांच्यावर स्वतंत्र दिवा रोखावा.

फुलांच्या बाबतीत हट्ट नावाचा धरू नये, रंगाचा आणि आकाराचा धरावा. अमुक एकच फूल हवे म्हटले की आपण हंगाम, वाहतूक आणि दुसऱ्या ग्राहकांची मागणी या तिघांच्या ताब्यात जातो. तेच ‘फिकट पीच रंगाचे, भरगच्च पाकळ्यांचे, मुठीएवढे’ असे सांगितले की फूलवाल्याला त्या आठवड्यात उत्तम आणि मुबलक असेल ते देता येते. हायड्रेंजियाचा एक गुच्छ चार फुलांची जागा भरतो खरा, पण पाण्याबाहेर तो पाहता पाहता मान टाकतो. कार्नेशनला लोक साधे म्हणून नाक मुरडतात आणि ते मात्र पाण्यात दोन-दोन आठवडे टवटवीत राहते. त्याला पिकलेल्या फळांच्या शेजारी तेवढे ठेवू नये, कारण फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने कार्नेशन लवकर मिटते. उरलेली जागा पानांनी भरावी. पाने ही सजावटीतली सर्वांत कष्टाळू आणि सर्वांत दुर्लक्षित मंडळी आहेत. सुरुवातीला उल्लेख आलेल्या हिरव्या फोमबद्दल एक सांगायला हवे: तो प्लास्टिकचाच प्रकार आहे, कुजत नाही, आणि त्याचा भुगा पाण्यात मिसळून राहतो, तेव्हा जाळीची गुंडाळी किंवा पाण्याच्या छोट्या नळ्या वापरणारा सजावटकार मिळाला तर त्यालाच काम द्यावे.

अंदाजपत्रक बिघडते ते बहुतेक वेळा गुणाकारामुळे. स्टेज एकच असतो, टेबले अनेक. २०० पाहुणे असतील आणि पाच फूट व्यासाच्या गोल टेबलाभोवती आठ जण बसवले तर २५ टेबले लागतात. सहा फूट व्यासाची टेबले घेऊन दहा जण बसवले तर २०. म्हणजे नुसत्या बैठकीच्या मांडणीत पाच पुष्परचना, पाच टेबलक्लॉथ आणि पाच ठिकाणचे दिवे वाचतात, आणि कुणाला काही कमी केल्यासारखेही वाटत नाही. ‘प्रत्येक टेबलावर आणखी एक छोटीशी मेणबत्ती ठेवू’ हे वाक्य कानावर पडले की म्हणूनच मी आधी मनातल्या मनात गुणाकार करते. टेबलावरच्या रचनेची उंची एक फुटाच्या आत असावी, किंवा ती सरळ दोन फुटांच्या वर, बारीक दांड्यावर असावी. या दोहोंच्या मधली प्रत्येक उंची समोरच्या पाहुण्याचा चेहरा झाकते, आणि मग तो पाहुणा सगळी संध्याकाळ फुलांच्या आडून वाकून वाकून बोलत राहतो. अशी फुले शेवटी कुणीतरी उचलून टेबलाखाली ठेवतो. तिथे ती मी पाहिली आहेत.

घरी बनवलेल्या सजावटीविषयी थोडक्यातच बोलते, कारण त्यात उत्साह फार आणि हिशेब थोडा असतो. कागदाचे काम, म्हणजे नावांची कार्डे, दिशादर्शक पाट्या, बसण्याचा तक्ता, हे महिनाभर आधी खुशाल घरी करावे. नाशवंत काम घरी घेऊ नये, नाहीतर आदल्या रात्री सगळे घर देठ छाटत बसते आणि सकाळी वधूच्या डोळ्यांखाली जी काळी वर्तुळे दिसतात ती कुठल्याच दिव्याने जात नाहीत.

डेकोरेटरकडून दरपत्रक घेताना प्रत्येक बाब स्वतंत्र लिहून घ्यावी: साहित्य, वाहतूक, शिडीवर चढणाऱ्या माणसांची मजुरी, रात्रपाळीचा जादा आकार. पडद्यांचे कापड आगरोधक आहे का आणि बाहेर पडण्याच्या दारांवरच्या पाट्या झाकल्या जाणार नाहीत ना, हे दोन प्रश्नही तिथेच विचारावेत. एकूण रकमेचा दहावा हिस्सा कशालाच न जोडता बाजूला ठेवावा. विधीची कमान नंतर भोजनाच्या दालनात हलवायची, म्हणजे एकाच फुलांत दोन ठिकाणे सजतात, ही कल्पना कागदावर सुरेख असते; पण मधल्या अर्ध्या तासात ती कमान उचलणारे चार जण कोण आणि ती कोणत्या दारातून जाणार, हे त्याच कागदावर लिहिलेले नसेल तर ती जिथल्या तिथेच राहते. तसेच उतरवण्याचे. बहुतेक सभागृहे त्याच रात्री जागा मोकळी करून मागतात आणि वेळ टळली की जादा भाडे लावतात, म्हणून भाड्याच्या फुलदाण्या कोण मोजून घेणार, उरलेली फुले कुणाच्या गाडीतून कुठे जाणार आणि अनामत रक्कम परत घ्यायला थांबणार कोण, ही तीन नावे आधीच ठरवून करारासोबत जोडलेली बरी, आणि त्यांत वधू-वरांचे नाव असू नये.