वारस नोंद: सातबाऱ्यावरच्या अर्ध्या नावाने अडवलेले काम

वडिलांच्या पश्चात शेतजमिनीला वारसांची नावे लावून घेणे हे काम नियमांच्या पुस्तकात सरळ आहे आणि त्याचा बराचसा भाग प्रत्यक्षातही सरळच पार पडला. अर्ज, मृत्यू दाखला, सर्व वारसांची नावे असलेले स्वयंघोषणापत्र आणि आधारच्या प्रती एवढेच कागद लागतात. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 149 नुसार वारसाने मिळालेल्या हक्काची वर्दी तीन महिन्यांच्या आत द्यायची असते आणि ती आम्ही वेळेत दिली. वाद नसेल तर न्यायालयाचे वारसा प्रमाणपत्र लागत नाही. गावात याबाबत फार गोंधळ आहे आणि त्या गोंधळावर पोट भरणारे एजंटही आहेत.

आमचे घोडे अडले ते नावावर. मृत्यू दाखल्यावर आणि आधारवर वडिलांचे नाव ‘दत्तात्रय’, तर सातबारा आणि आठ-अ (खातेउतारा) यांवर नुसतेच ‘दत्ता’. सज्जाच्या, म्हणजे तलाठ्याच्या कार्यालयात अर्ज चाळला गेला आणि ‘मयताचे नाव जुळत नाही, दाखला बदलून आणा’ असे तोंडी सांगून तो परत देण्यात आला. ग्रामपंचायतीत गेलो, तर तिथल्या अधिकाऱ्यांनी विचारले की नाव बरोबर असताना दुरुस्ती कशाची करायची? त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, 1969 च्या कलम 15 नुसार नोंद चुकीची असल्याचे सिद्ध झाले तरच निबंधक ती दुरुस्त करतो, आणि तीही मूळ नोंद न खोडता समासात. बरोबर नोंद चुकीची करून देण्याची सोय कायद्यात नाही, हे मी सज्जावर जाऊन सांगितले, तेव्हा ‘मग दोन्ही नावे एकाच इसमाची असल्याचे प्रतिज्ञापत्र करा’ असा सल्ला मिळाला. ते करून नेले, तर ‘सर्कल (मंडळ अधिकारी) हे मान्य करणार नाहीत’ असे उत्तर आले. तहसील कार्यालयात चौकशी केली, तर तलाठ्याचा अहवाल येऊ द्या, मग पाहू.

शहरातल्या वाचकांना यातला खरा त्रास कदाचित जाणवणार नाही. आमच्याकडे मराठवाड्यात एका तलाठ्याकडे अनेक गावे असतात. दारावर वार लिहिलेला असतो. त्या वारी गेले की साहेब पंचनाम्याला, नाहीतर तालुक्याच्या बैठकीला गेलेले असतात. दाराला कुलूप आणि शेजारी रंगाने लिहिलेला मोबाइल क्रमांक, ज्याचे शेवटचे आकडे पावसाने धुऊन गेलेले. एसटी चुकली की कामाचा दिवस बुडाला, आणि मी तालुक्याला हिशेब लिहिण्याचे काम करतो, तिथे बुडालेल्या दिवसाचा पगार मिळत नाही. तलाठ्यांवर कामाचा बोजा आहे हे मला मान्य आहे, पण तोंडी नकार देण्यात वाचणारा त्यांचा एक मिनिट अर्जदाराला महिनाभर फिरवतो. म्हणून अर्ज कधीही हातात परत घेऊ नका. आवक क्रमांक घालून पोच मागा आणि त्रुटी असेल तर ती लेखी द्या म्हणा. महसूल खात्याच्या ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीतून अर्ज केला तर त्रुटी आपोआप लेखी येते.

सुटका झाली ती तहसीलच्या अभिलेख कक्षात. आजोबांनंतर वडिलांचे नाव ज्या फेरफाराने (हक्कबदलाच्या नोंदीने) लागले, त्याची नक्कल आणि त्या काळचा हस्तलिखित सातबारा मी मागवला. (काही जिल्ह्यांतले जुने अभिलेख स्कॅन होऊन संकेतस्थळावरही आले आहेत, आधी तिथे पाहावे.) त्या सातबाऱ्यावर खातेदाराचा रकाना इतका अरुंद होता की लिहिणाऱ्याने पहिल्या ओळीत ‘दत्ता’ आणि खालच्या ओळीत ‘त्रय’ लिहिले होते, आणि संगणकीकरणात फक्त वरची ओळ चढली. म्हणजे दाखला बरोबर, प्रतिज्ञापत्र अनावश्यक आणि चूक महसूल खात्याच्याच दप्तरातली! अशा लेखनप्रमादासाठी जमीन महसूल अधिनियमातच कलम 155 आहे. नकला जोडून तहसीलदारांकडे थेट अर्ज केला, तेव्हा मात्र काम कोणाच्याही मध्यस्थीशिवाय हलले, याचा मला आजही अभिमान वाटतो.

नाव दुरुस्त झाल्यावर वारस फेरफाराची नोटीस, हरकतीसाठीचे पंधरा दिवस आणि मंडळ अधिकाऱ्यांचे प्रमाणीकरण यात सांगण्यासारखे काही घडले नाही.

आधीच सांगायला हवे होते ते आता सांगतो. बहिणींची नावे वगळण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. मुलींचा हक्क समान आहे आणि त्यांना तो सोडायचाच असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र नंतर करता येते. 2025 मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहिमेत मयत खातेदारांच्या वारसांच्या नोंदी गावोगाव घेतल्या गेल्या, पण नावातली चूक असेल तर ती आधी दुरुस्त करावीच लागते. आईवडील हयात असतानाच सातबारा, आठ-अ आणि आधार शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहा, कारण पीककर्ज, अतिवृष्टीचे अनुदान आणि फार्मर आयडी हे सगळे याच नावावर अडते. फेरफार मंजूर झाल्यावर पंधरा रुपयांत डिजिटल सहीचा उतारा मिळतो. तो काढून आपलीही नावे वाचून घ्या. आमच्या उताऱ्यावर धाकट्या बहिणीचे आडनाव माहेरचे लागले आहे की सासरचे, हे मी दोनदा तपासले.