अंगणात थोडी माती राहू द्या

पावसाळ्याआधी धाकट्या दिरांनी अंगणात पेव्हर ब्लॉक टाकायचं मनावर घेतलं. "वहिनी, चिखल होणार नाही, गाडी आत घेता येईल, तुमच्या गिऱ्हाइकांच्या चपलाही भरणार नाहीत." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मी घरीच ब्लाउज शिवते, आणि आमच्या वाईत जुलै-ऑगस्टमध्ये दाराशी येणाऱ्या बायकांचे फार हाल होतात. पण सासूबाई म्हणाल्या, "मग माका कुठं उगवायचा?" शेवटी तोडगा निघाला. मधल्या भागात ब्लॉक आले, आणि नळापासून मागच्या भिंतीपर्यंतचा पट्टा मातीचाच राहिला. तो राहिला याचा मला किती आनंद आहे, ते लिहावंसं वाटलं.

या पट्ट्यात जे काही आहे, त्यातलं बहुतेक सगळं सूर्यफुलाच्या कुळातलं. झेंडू, शेवंती, गलांडा आम्ही लावलेले. माका आणि दगडी पाला आपले आपण आलेले. जगभरात या कुळात २३ हजारांहून जास्त जाती आहेत म्हणतात, त्यामुळे चार हात जमिनीतही त्यांची गर्दी झाली तर नवल नाही.

माका ओलीवर येतो. नळाखालची जागा, पाटाची कड, तुळशीची कुंडी, जिथं माती सुकत नाही तिथं त्याचं बस्तान. पानं समोरासमोर, हाताला खरखरीत, देठ लालसर, आणि पांढरं फूल शर्टाच्या बटणापेक्षाही लहान. ओळखायची खरी खूण एकच: पान बोटांत चुरडा आणि थोडं थांबा. हिरवा रस बघता बघता काळा पडतो आणि बोटांवर डाग राहतो. हे मुद्दाम सांगते, कारण रस्त्याच्या दुभाजकात लावतात ती पिवळ्या फुलांची, जमिनीवर पसरणारी वेडेलिया हल्ली माका म्हणून लोक घरी नेतात. तीही याच कुळातली, दिसायलाही छान, पण तेलाला घ्यायचा माका तो नव्हे.

भाद्रपदात माक्याला दोनदा मान मिळतो. आधी गणपतीच्या २१ पत्रींत, आणि मग पितृपक्षात श्राद्धाला. तेव्हा गल्लीतल्या बायका पान मागायला येतात, आणि ज्यांचं अंगण सगळं फरशीचं झालंय त्याही येतात. बाजारात पत्रीचा वाटा मिळतो, पण त्यात माक्याच्या नावाखाली काय बांधलंय ते एकदा बघून घ्यावं.

तेल सासूबाईंच्या पद्धतीनं करते. पानं वाटून, फडक्यातून पिळून रस काढायचा. तेलाच्या चौपट रस. लोखंडी कढईत खोबरेल आणि रस एकत्र करून मंद आचेवर आटवायचं. घाई केली की तळाला लागतं. पाणी आटलं का ते बघायला कापसाची वात तेलात बुडवून पेटवायची. तडतडली तर अजून पाणी आहे, शांत जळली तर कढई उतरवायची. या तेलानं पांढरे केस काळे होतात असं मी कुणालाही सांगत नाही. दिवसभर मशीनवर मान घालून बसल्यावर रात्री डोक्याला लावलं की झोप चांगली लागते, हे मात्र स्वतःच्या अनुभवावरून सांगते.

दगडी पाल्याला आमच्याकडे कुणी एकदांडीही म्हणतात. शेताच्या बांधावर वाढलेल्या माणसाला तो सांगावा लागत नाही; खुरपं लागलं की पाला चोळायचा आणि जखमेवर दाबून धरायचा. किरकोळ खरचटण्याला ते ठीक, जखम आधी स्वच्छ धुवायची. खोल जखमेला किंवा गंजक्या पत्र्याला मात्र पाला नको, सरळ दवाखाना.

मला त्याचं फूल सगळ्यात आवडतं. शिवणाची बारीक टीप बघायला ठेवलेलं भिंग घेऊन ते एकदा बघा. उंच बारीक दांडीवर एकच फूल. कडेला चार-पाच फिकट पांढऱ्या पाकळ्या, प्रत्येकीच्या टोकाला तीन दाते. मध्ये पिवळा गोळा, आणि भिंगातून तो गोळा म्हणजे नळीसारख्या इवल्या फुलांची दाटी दिसते. प्रत्येकीला तोंडाशी पाच टोकं. बाहेरची रांग आधी उमलते, मग आतली, सगळ्यात शेवटी मधली. कडेची ती पांढरी पाकळीसुद्धा एक अख्खं फूलच. तिच्या बुडाशी तिचं स्वतःचं बी धरतं. म्हणजे आपण एक फूल खुडतो तेव्हा अख्खा घोस खुडतो. शेवंतीचं, झेंडूचं, सूर्यफुलाचंही तेच. हे कळल्यापासून वेणीला शेवंती ओवताना माझा हात जरा हळू चालतो.

झेंडू मूळचा मेक्सिकोचा. तिकडे दिवंगतांच्या स्मरणाच्या सणात घराघरांत झेंडू असतो, आपल्याकडे दसऱ्याला तो दारावर चढतो. त्याचं पान उन्हाच्या दिशेला धरून पाहा, कडेनं बारीक पारदर्शक ठिपके दिसतात. त्या तेलाच्या ग्रंथी. झेंडूचा तो उग्र वास तिथूनच येतो. मुळांचं कामही मोठं आहे. टोमॅटोच्या मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी, म्हणजे मातीतले धाग्यासारखे बारीक जंत, झेंडूच्या मुळांतल्या अल्फा-टर्थिएनिल नावाच्या द्रव्यानं मरतात. मात्र कोपऱ्यात शोभेला एक रोप लावून हे साधत नाही. वाफ्यात आधी झेंडू दाट लावावा लागतो, काही महिने राहू द्यावा लागतो, आणि मग त्याच जागी टोमॅटो. तोरणातली वाळलेली फुलं मीही वाफ्यात कुस्करून टाकते, पण ती संकरित वाणाची असतील तर पुढची फुलं तशीच टपोरी येतील असं नाही.

शेवंतीचं गणित वेगळं. रात्र मोठी व्हायला लागली की तिला कळ्या धरतात. म्हणून आपल्याकडे ती दिवाळीच्या पुढेमागे भरात येते. समोरच्या घरची शेवंती नुसतीच पाल्यानं माजायची, कळी म्हणून नाही. खत बदललं, माती बदलली. मी संध्याकाळी तिथं उभी राहिले तेव्हा लक्षात आलं, कुंडी बरोबर रस्त्याच्या दिव्याखाली, रात्रभर लख्ख उजेड. त्या झाडाला रात्र होतच नव्हती. कुंडी मागच्या ओसरीत नेल्यावर त्याच हंगामात कळ्या आल्या. पॉलिहाऊसवाले हेच मुद्दाम करतात. फुलं लांबवायची तर बल्ब, लवकर हवी तर काळं कापड. दुसरी गोष्ट शेंडे खुडायची. रोप वीतभर झालं की शेंडा खुडला तरच बगलेतून फुटवे येतात आणि झाड डेरेदार होतं. जीव होत नाही, पण खुडावा.

दवण्याची कुंडी मी माहेरच्या ओढीनं ठेवलीय. माहेर पन्हाळा तालुक्यातलं, जोतिबाचा डोंगर घरातून दिसायचा. चैत्री यात्रेत देवाला दवणा वाहतात, आणि गुलालाच्या वासात मिसळलेला तो गोड-कडवट वास आईच्या लुगड्यांच्या ट्रंकेत वर्षभर असायचा. तोही याच कुळातला. त्याच्याच जवळच्या एका चिनी भाऊबंदातून हिवतापावरचं आर्टेमिसिनिन मिळालं, आणि त्यासाठी तू यूयू या संशोधक बाईंना २०१५ चं नोबेल मिळालं. ही बातमी वाचली तेव्हा मी कात्री बाजूला ठेवून दवण्याला पाणी घालून आले होते.

आता या घराण्यातल्या नकोशा पाहुण्याबद्दल. गाजर गवत हे सूर्यफूल कुळातलंच, आणि देशात ते पहिल्यांदा डोळ्यांवर आलं ते आपल्या पुण्यात, १९५५ च्या सुमारास. ते फुलाआधी, हातमोजे घालून, मुळासकट उपटायचं. शेजारच्या काकूंच्या हाताला ते उपटून पुरळ आलं, आणि पुढे शेवंतीची वेणी घातली तरी मान खाजायला लागली. त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं की एकाची ॲलर्जी जडली की त्याच कुळातल्या दुसऱ्याचीही बाधू शकते. तेव्हा ज्यांना गाजर गवताचा त्रास आहे त्यांनी शेवंती हाताळताना, माक्याचा रस लावतानाही आधी जपून बघावं.

फुलं संपली की शेवंती जमिनीपासून चार बोटं ठेवून छाटणार आहे. मग बुडातून काश्या, म्हणजे लावायला घेता येणारे नवे कोंब, फुटतील. पिवळी झिप्री आणि पांढरी राजा, दोन्ही आहेत. वाईत असाल तर फेब्रुवारीत येऊन घेऊन जा, येताना ओल्या मातीची पिशवी आणा. आणि घरी लावायला मातीच उरली नसेल, तर निदान चार ब्लॉक उचलून घ्या.